जाहिरातीतले हात

आमची काकू गेली पन्नास वर्षं एका जाहिरातीत तोंडभरून हसते आहे. जाहिरात धुण्याच्या पावडरीची. टबातून पांढरीशुभ्र चादर उपसणारी बाई आणि खाली ठळक अक्षरं: 'कपडे शुभ्र, हात मऊ'. चित्र काकांनी काढलेलं. ते जाहिरातींचे पेंटर. चेहरा हवा असला की बायकोला उभी करायचे. हात मात्र पावडरवाल्या मालकाच्या मेहुणीचे. त्या बाईंनी जन्मात रुमाल धुतला नसेल.

काकू घरातल्या नऊ माणसांचं धुणं सोड्यात धुवायची. ती पावडर आमच्या घरात कधी आलीच नाही. सोड्याने तिच्या बोटांना भेगा पडायच्या, थंडीत त्यातून रक्त यायचं. त्या चित्रासाठी दोन तास ताटकळत उभी राहिल्यावर तिने विचारलं होतं, "हात कधी काढणार?" काका ब्रश पुसत म्हणाले, "तुझे हात बघून पावडर कोण घेईल?" ते स्वभावाने वाईट नव्हते, असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

यंदा जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिथल्या बाई काकूला शोधत घरी आल्या. काका जाऊन बारा वर्षं झालेली. "आजी, चित्राशेजारी तुमचा फोटो हवाय. पेपरात येईल."

"येते," काकू म्हणाली, "पण फोटोत माझे हात आले पाहिजेत."

बाईंनी लगेच कबूल केलं. काकूने आठवडाभर हातांना काही लावलं नाही. मी क्रीम पुढे केलं तर म्हणाली, "राहू दे गं. जसे आहेत तसे दिसू देत."

प्रदर्शनात लोक चित्रापुढे थांबत होते. "काय सुखी होत्या ना तेव्हाच्या बायका," एक मुलगी म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकूने मात्र वाकडी झालेली बोटं छातीशी धरून निमूट फोटो काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. फोटो खांद्यापाशी कापलेला. खाली ओळ: 'हसरी गृहिणी, तेव्हा आणि आता'.

मी फोन उचलला, कुणाला तरी फाडून खायला. काकूने तो माझ्या हातातून काढून घेतला. पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "तुझ्या काकांनी निदान कुणाचे तरी हात लावले होते."