सगळ्यात सेफ जागा

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका.

मी ड्रोननं उसावर औषध फवारतो. मिरजेजवळच्या एका गावात प्रात्यक्षिक होतं. पसंत पडलं तर अख्ख्या गावाचा ऊस मला मिळणार होता. गाव फौजींचं, आणि पुढाकार रिटायर सुभेदार आबांचा.

बघायला ही गर्दी! मी बांधालगतची मोकळी जागा दोरीनं घेरली, मधोमध ड्रोन ठेवला आणि सगळ्यांना लांब पिटाळलं. नारळसुद्धा दोरीबाहेर फोडायला लावला. पातं लागलं तर बोट जातं, चेष्टा आहे का?

ड्रोन उसावर गेला आणि वारा फिरला! औषधाचे तुषार गर्दीकडे यायला लागले. पण घाबरेल तो मी कसला? वारा येत होता त्या बाजूला मोकळी जागा एकच होती, दोरीच्या आतली.

"आबा, समद्यांना आत बसवा. मी सांगितल्याबिगर कुणी हलायचं न्हाई!"

"व्हय!" आबा कडाडले. "आर्डरीबिगर कोन उठला, तर गाठ माझ्याशी हाय!"

म्हातारीकोतारी मांडी घालून बसली. काय ती शिस्त! मला माझंच लय कौतुक वाटलं.

तेवढ्यात टाकी संपली. टाकी संपली की ड्रोन आपोआप परत येतो. कुठं? जिथनं उडाला तिथं!

मी बोंब ठोकली, "उठा! पळा!" पण त्या घरघरीत ऐकू कुणाला जातंय? मग मी शहाण्यानं रिमोट बांधावर ठेवला आणि दोन्ही हात हलवले. त्यांनीही हौसेनं हलवले! एका आजीनं तर ड्रोनला हात जोडले. पात्यांच्या वाऱ्यानं टोप्या उडाल्या, पण माणूस उठेल तर शपथ.

आणि खाली माणसं आहेत म्हटल्यावर ड्रोन आपणहून हवेतच थांबला. मी झटकन रिमोट उचलला आणि ड्रोन पलीकडच्या पडीक रानात उतरवला.

आबा धूळ झटकत आले. "लय झ्याक! मानसं बघून जाग्यावर थांबलं की रं! समद्या गावाचा ऊस तुझ्या ड्रोनलाच."

मला हायसं वाटलं. छाती पुन्हा फुगवून विचारलं, "मग उद्या कवा येऊ, आबा?"

"तू कशाला येतोस रं? मशीन तेवढं धाडून दे!"