नागपूरकरांचा समुद्र

"स्वेल येऊन राहिला, लांबच्या लाटा," असं म्हणून ते उजव्या हाताची तर्जनी जिभेवर ओली करायचे आणि कँटीनमधल्या एसीच्या झोतात उभी धरायचे. बाहेर बंगालमधल्या न्यू टाउनचा रस्ता, समोर काचेच्या इमारती, पुढ्यात थंड झालेला डोसा. त्यांचा समुद्र तिथून पाचशे किलोमीटर.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. ज्या गोष्टीशी त्याचा काडीचा संबंध नाही, तिचाच तो अधिकारी असतो. आमचे हे गृहस्थ मूळ नागपूरचे. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत त्यांनी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव. कंपनीत ते टेस्टिंगचे प्रमुख होते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्यावर शेरा लिहायचा. आम्ही त्यांना 'वेधशाळा' म्हणायचो. तोंडावर 'भाऊ'.

न्यू टाउनमध्ये आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्याचं काम सरळ होतं: पुण्याहून कोण येतंय, येताना भडंग आणेल का, गणपतीची मूर्ती यंदा कुठून घ्यायची. त्या ग्रुपवर रोज सकाळी साडेसहाला यांचा संदेश पडायचा. "उंची तीन फूट. पिरियड नऊ सेकंद. वारा समुद्राकडून, मध्यम. शेरा: सामान्य." पिरियड म्हणजे दोन लाटांमधली वेळ, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

हा समुद्र कुठला, तर पुरीच्या पुढे, नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका छोट्या किनाऱ्याचा. तिथे तरुण मुलं-मुली लाटांवर फळीवर उभी राहतात. एकदा हे बायकोबरोबर जगन्नाथाच्या दर्शनाला गेले असताना कोणीतरी त्यांना तिकडे नेलं. तिथे एक मुलगी लाटेवर उभी राहून काठापर्यंत आलेली त्यांनी पाहिली आणि हे दोन तास तिथेच उभे राहिले. दर्शन वहिनींनी एकटीने घेतलं.

"दोघांच्या वतीने घेतलं," त्या सांगायच्या. "तेव्हापासून मी यांच्या वतीनेच देवाकडं मागून राहिले."

त्यानंतर यांनी फळी मागवली. निळी, सात फुटांची, फोमची. ती लिफ्टमध्ये मावेना. सोसायटीच्या दारावरच्या बंगाली रखवालदाराने विचारलं, "दादा, एटा की?" म्हणजे हे काय. हे म्हणाले, "बोर्ड." त्याने विचारलं, "की बोर्ड?" म्हणजे कोणता बोर्ड. हे घाईत होते, म्हणाले, "हो, हो." आवक नोंदवहीत त्या दिवशी 'कीबोर्ड, एक' अशी नोंद आहे. तो कीबोर्ड त्यांनी डोक्यावर घेऊन चौदा मजले जिन्याने चढवला.

फळीवर ते आयुष्यात तीनदा उभे राहिले होते, तेही गुडघाभर पाण्यात. सर्वोत्तम कामगिरी चार सेकंद. "फोटो काढेपर्यंत खाली," असं वहिनी शांतपणे सांगायच्या.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात मी चांगला दिसत नाही. मी अलिबागचा. माझं बालपण किनाऱ्यावर गेलं. भरती-ओहोटी मला घड्याळाशिवाय कळते, असं मी लोकांना सांगायचो. एका नागपूरकराने मला रोज सकाळी समुद्र वाचून दाखवावा, हे मला सहन होत नव्हतं. त्यात बजबजची सहल झाली.

चैत्रातला रविवार होता. बजबजला नदीकाठच्या एका बागेत आम्ही सगळे डबे घेऊन जाणार होतो. यांनी सकाळी शेरा दिला, "उत्तम." दुपारी चारला आभाळ काळं झालं, वारा सुटला, आणि कालबैशाखीने, म्हणजे इकडच्या वळवाच्या वादळाने, आमच्या सतरंज्या उचलून झाडावर नेल्या. पुरणपोळ्यांचा लगदा झाला. सगळे भिजून एका पत्र्याखाली उभे असताना मी विचारलं, "भाऊ, हे कसं काय उत्तम?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "मी समुद्राचं सांगतो. आभाळाचं कुठं सांगतो?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या संदेशाखाली मी माझा अंदाज टाकायला लागलो. "ऑफिसचा चहा: उंची तीन इंच. पिरियड चाळीस मिनिटं. शेरा: साखर कमी." लोकांना माझा अंदाज जास्त आवडायला लागला. काही जण तर त्यांचा न वाचताच माझ्या अंदाजावर हसायच्या खुणा टाकायचे. ते रोज माझ्या संदेशाला अंगठा द्यायचे. मला वाटायचं, त्यांना विनोद कळत नाही. आता वाटतं, त्यांना एवढंच हवं होतं की त्या दोन ओळींच्या निमित्ताने कोणीतरी वरच्या दोन ओळी वाचाव्यात.

मे महिन्यात सुट्ट्या जोडून आल्या आणि आम्ही पाच कुटुंबांनी त्याच किनाऱ्यावर जायचं ठरवलं. हावड्याहून सकाळची गाडी होती. फळी सामानाच्या जागेत मावली नाही, म्हणून ती आमच्या सगळ्यांच्या पायांखाली आडवी घातली आणि आम्ही भुवनेश्वरपर्यंत गुडघे छातीशी घेऊन बसलो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा संदेश आला होता. "उंची चार फूट. पिरियड अठरा सेकंद. वारा नाही. शेरा: पाण्यात जाऊ नये."

मी खाली लिहिलं होतं, "चार फूट म्हणजे आमची इरा. तिला आम्ही रोज शाळेत सोडतो." इरा माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची.

गाडीत ते मला समजावत राहिले. "उंचीकडं नका पाहू. सेकंद पाहा. खाली, पार दक्षिणेला, आठवड्यापूर्वी मोठं वादळ होऊन गेलं. त्याचं पार्सल आता इकडं येऊन राहिलं. वारा नसणार, पाणी शांत दिसणार. दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. मग एकदम पाच-सहा लाटा, एकामागून एक. मग पुन्हा काहीच नाही."

"भाऊ," मी म्हणालो, "मी अलिबागचा आहे."

"अलिबागची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. मला ते अपमानासारखं लागलं.

रात्री मुक्काम करून दुसऱ्या सकाळी आठला आम्ही किनाऱ्यावर पोचलो. पाणी ताटात वाढल्यासारखं पडलं होतं. एक छोटी लाट यायची, वाळूवर थोडी पसरायची आणि परत जायची. यांनी फुलपँट गुडघ्यापर्यंत दुमडली, टाचेने वाळूत एक लांब रेघ ओढली आणि तिच्या पलीकडे, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"ह्याच्या पुढं जायचं नाही. निदान वीस मिनिटं पाहू."

आम्ही बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मुलं रेघेवर कबड्डी खेळायला लागली. कोणीतरी म्हणालं, "भाऊ, लाटांना आपला पत्ता सापडत नसेल." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने हसलो. मग मी उठलो, इराचा हात धरला आणि रेघ ओलांडली. खरं सांगायचं तर पाण्यात जायची मला एवढी हौस नव्हती. लोक बघत होते, म्हणून मी गेलो.

"नका जाऊ," ते म्हणाले. आवाज न चढवता म्हणाले.

इरा खूश होती. तिचं मराठी इथल्या मुलांचं असतं तसं. "बाबा, पाणी किती ठंडा आहे," असं म्हणत ती माझ्या पुढे पुढे चालली. पाणी माझ्या कमरेपर्यंत आलं, तेव्हा मी तिला उचलून घेतलं. मी काठाकडे वळून हात हलवला. काठावरचे लोक माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून मागे बघत होते.

पहिल्या लाटेने मला गुडघ्यांवर पाडलं. दुसरी आली तेव्हा पायांखाली वाळू नव्हती. अलिबागला मी पोहायला शिकलो होतो, पण एका हाताने पोहायला कोणी शिकवलं नव्हतं. इरा माझ्या गळ्याला घट्ट धरून होती. मी काठाकडे जायला हात मारत होतो आणि काठ लांब चालला होता. नदीच्या मुखाकडून एक ओढ होती, ती आम्हाला सरळ आत नेत होती. तिसऱ्या लाटेनंतर मी पाणी गिळलं आणि मला इराचा चेहरा दिसेना.

मग काहीतरी निळं माझ्या खांद्यावर आदळलं. फळीवर पालथे पडलेले ते. चष्मा नव्हता. ओली फुलपँट फळीमागे पाण्यात फरफटत होती.

"मुलीला वर घ्या. तुम्ही कड धरा. पोहू नका."

"भाऊ, काठ..."

"काठ विसरा. नेतं तिकडं नेऊ द्या. ही ओढ पुढं जाऊन सुटते." मग ते इराकडे वळले. "बेटा, अजून लाटा येतील. मला दिसत नाही, तू मोजायच्या. मोठ्याने."

इरा फळीवर त्यांच्यापुढे पालथी होती. तिने मोजायला सुरुवात केली. घाबरल्यावर तिला बंगालीच सुचतं. "चार," ती म्हणाली, आणि आम्ही वर गेलो, खाली आलो. "पाँच." फळी उभी राहते की काय असं वाटलं. त्यांनी एका हाताने इराची पाठ दाबून धरली होती. "छय." मी डोळे मिटले. "शात," ती म्हणाली.

मग काहीच नाही. पाणी पुन्हा ताटासारखं झालं. मला ती शांतता लाटांपेक्षा भयंकर वाटली.

"आता दहा मिनिटं आपली," ते म्हणाले. "काठाच्या बाजूने पाय मारा. सरळ नाही, आडवे. तिकडं, जिथं पाणी पांढरं आहे ना, तिथं उथळ आहे. पांढरं दिसतं का सांगा मला."

मी दिसतं म्हणून सांगितलं आणि पाय मारले. उथळावर दोन कोळी धावत येऊन कमरेभर पाण्यात उभे होते. त्यांनी इराला उचललं, मला दंडाला धरून ओढलं. यांना मात्र फळीवरून सोडवावं लागलं. बोटं उघडेनात.

काठावर आल्यावर माझी बायको इराला कवटाळून बसली. ती माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं. हे वाळूत पाय पसरून बसले होते. वहिनी त्यांचं डोकं पुसत होत्या आणि इतक्या जोरात पुसत होत्या की ते हलत होते.

"किती झाल्या गं?" त्यांनी इराला विचारलं.

"सात."

"सात," ते म्हणाले. "मी पाच-सहा म्हटलं होतं." आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं. तो चेहरा मी ऑफिसात ओळखत होतो, अहवालात एखादी चूक राहून गेली की व्हायचा तो.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे सरकले आणि हळू म्हणाले, "मला पोहता येत नाही. मुलीला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला संदेश आला. "उंची साडेतीन फूट. पिरियड सोळा. शेरा: कमी होऊन राहिला." त्याखाली मी काही लिहिलं नाही. बाकी सगळ्यांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या, पंधरा-वीस. नाश्त्याला ते वैतागलेले होते. "हात काय जोडता? वाचा ना."

आम्ही वाचलं. साधारण तीन आठवडे. मग पुन्हा भडंग आलं, मूर्ती आली, आणि त्यांचे आकडे लोक बोटाने वर सरकवायला लागले. मी चहाचा अंदाज पुन्हा कधी टाकला नाही, एवढाच काय तो फरक. त्यांचा संदेश मीही रोज उघडत होतो असं म्हणवत नाही. जीव वाचवणाऱ्या माणसाचाही कंटाळा येऊ शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात कंपनीने ठरवलं की चुका काढायचं काम आता यंत्रं करतील. टेस्टिंगचा विभागच बंद झाला. निरोपाच्या कार्यक्रमात एका वरिष्ठाने यांच्या 'सकारात्मक दृष्टीचं' कौतुक केलं. ज्या माणसाने सतरा वर्षं फक्त काय बिघडेल ते सांगितलं, त्याचं हे कौतुक. ते उठून म्हणाले, "धन्यवाद. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हरकडं एकदा पाहून घ्या." आणि खाली बसले. लोक हसले. ते नागपूरला गेले, त्यानंतर चौथ्या दिवशी तो सर्व्हर बसला.

जाताना त्यांनी ग्रुपही सोडला. ग्रुप न्यू टाउनच्या रहिवाशांचा आहे, असं त्याच्या नियमात लिहिलेलं होतं, आणि तो नियम वाचलेला माणूस बहुधा तेवढा एकच. राहा म्हणून त्यांना कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या किनाऱ्यावर गेलो. तीन कुटुंबं, नऊ माणसं. सकाळची वेळ होती. वारा नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी सहलीतले लोक पाण्यात उतरून एकमेकांवर पाणी उडवत होते, एक आजोबा धोतर वर धरून लाटेला पाय लावत होते. आमच्यातलं कोणी उठलं नाही.

"बाबा, जाऊ?" इराने विचारलं.

"थांब जरा."

"कशासाठी?"

ऊन वर आलं, वाळू तापायला लागली, आणि आम्ही नऊ जण पायात चपला तशाच ठेवून, कोणीतरी काहीतरी सांगेल म्हणून, त्या शांत पाण्याकडे बघत बसून राहिलो.