जुन्या नेमसर्व्हरचं शेवटचं गिऱ्हाईक

नेमसर्व्हरचा आयपी पत्ता बदलणे हे कागदावर एका ओळीचे काम आहे. किस्से मात्र एका ओळीत मावत नाहीत. कराडच्या आमच्या छोट्या इंटरनेट कंपनीत ते रोजच्या चहाबरोबर साचत गेले.

नेमसर्व्हर म्हणजे वेबसाइटचे नाव विचारल्यावर तिचा आकडा सांगणारा संगणक. तो गप्प, तर ग्राहकाचे इंटरनेट बंद! आमच्या नेमसर्व्हरचा जुना पत्ता महिनाअखेर बंद व्हायचा होता. त्याआधी प्रत्येक ग्राहकाकडे नवा भरण्याची जबाबदारी माझी आणि पवारकाकांची.

काका लष्कराच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेशवहन दलातून, निवृत्त. पहिल्याच दिवशी मी त्यांना फोनवर नव्या पत्त्याचा आकडा, खबरदारी म्हणून, दोनदा सांगितला.

“मॅडम, एकदाच सांगायचं. सिग्नलवाला परत विचारत न्हाई!”

*

साताऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या आकड्याच्या स्टिकरवर खंडेनवमीचे हळदकुंकू होते. मी ते काढू लागताच मालक धावले.

“आवं, पुजलेलं हाय ते! दसऱ्याला उतरवू.”

दसरा पाच महिन्यांवर होता. शेवटी नवे स्टिकर शेजारी लावले. त्याला कुंकू लागले, तेव्हाच मला संगणकाला हात लावता आला!

*

सांगलीजवळच्या एका व्यापारी अण्णांनी नवा आकडा आनंदाने भरू दिला. “पण जुना बी खाली ऱ्हाऊ द्या. चांगलं काम केलेल्याला आमी काढत न्हाई.”

मी तांत्रिक कारणे मांडू लागले. काकांनी मला थांबवले.

“अण्णा, काढत न्हाई, रिटायर करतोय. मला बी केलंच की!”

अण्णांनी लगेच होकार दिला.

*

शेवटच्या आठवड्यात जुन्या पत्त्यावर विचारणारे एकच घर उरले. मलकापुरातले. पवारकाकांचेच!

“काका, हे काय?”

“ठाव हाय मला.” काका खिडकीकडे पाहत राहिले. “आमच्या पोरीनं, स्वातीनं लावलंय ते, जर्मनीला जायच्या आदल्या दिवशी. तिच्या हातचं हाय.”

“मग नवा आकडाही तिलाच सांगू द्या.”

*

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. स्वाती फोनवर होती. आकडा मी तिला आधीच पाठवला होता. तिने तो सावकाश, स्पष्ट सांगितला. काकांनी एका दमात भरला. मी तपासला, अचूक होता. मी मान हलवली.

काकांनी फोन कानाशी ओढला.

“बाळ, नीट कळलं न्हाई. परत सांग.”