राईचं गाऱ्हाणं

घाटकोपरच्या भटवाडीत सुलक्षणाला सगळे ओळखतात ते तिच्या पिशव्यांमुळे. नोकरी तिची शाळेत, बालवर्गाच्या मावशीची. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे. त्या पगारात काय भागणार, कप्पाळ! पण सुट्टी मिळाली की ती कुडाळकडच्या आपल्या गावी जायची आणि येताना पिशव्या भरून आणायची. उन्हाळ्यात फणस नि कोकमाची सोलं, पुढे माशांच्या कालवणाला तिरफळं, दिवाळीआधी कंदिलासाठी बांबूच्या कामट्या. शेजारच्या बायका वाटच बघत असायच्या. नवरा, जयवंत, गेल्यावर लेकीचं, अक्षताचं, कॉलेज या पिशव्यांनीच निभावलं.

हे सगळं यायचं राईतून. राई म्हणजे गावच्या घरामागे, चढावरचा झाडीचा तुकडा. वाटण्या झाल्या तेव्हा मुलुंडला राहणारे थोरले दीर चंद्रप्रकाश यांनी सपाटीवरची हापूसची कलमं स्वतःकडे ठेवली आणि राई धाकट्या भावाच्या गळ्यात मारली. "माकडा राखूक बरी आसा," असं वर म्हणाले. जयवंत बिचारा हसला. सुलक्षणा हसली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी अक्षताच्या परीक्षेपायी तिचं उन्हाळ्यात गावी जाणं राहिलं. पावसाच्या तोंडावर गेली, तर राई नव्हती. नुसते बुंधे, आणि मातीत ट्रकच्या चाकांचे चर. गिरणी बंद पडल्यावर सासरे गावी परतले होते, तेव्हा त्यांनी हाताने लावलेला फणससुद्धा ठेवला नव्हता. त्याच्या बुंध्यावर बसून ती पोटभर रडली. मग पदराने तोंड पुसलं आणि थेट ठेकेदाराचं घर गाठलं.

"मुलुंडच्या सायबांनी दाखवली, आम्ही तोडली," ठेकेदार म्हणाला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस म्हणायला लागला, मी कुणाचं नावच घेतलं नाही. रातोरात त्याला कुणी गप्प केलं, हे सांगायला ज्योतिषी नको.

चंद्रप्रकाशनी फोनवर हात झटकले. "मला काय माहीत? तूच विकली असशील. नाहीतरी तिथलं पान न् पान विकतेसच ना?" तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी हेच सगळ्या भावकीत पसरवलं, आणि लोकांना पटलंही. बाई राईतलं सगळं विकते, मग झाडंही हिनेच विकली असणार! लग्नात, बारशाला बायका तिच्यामागे कुजबुजायच्या, सासऱ्याचा फणस विकून खाल्ला म्हणून.

झाडं गेली त्याचं दुःख होतंच. पण ही चोरी आपल्या नावावर लागली, याने ती जळत होती. पोलीस नको, भरपाई नको. तिला एकच हवं होतं, या माणसाने सगळ्या भावकीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करावं. त्यासाठी ती दोन वर्षं दात-ओठ खात बसली होती.

राईने मात्र हार मानली नाही. बुंध्यांना धुमारे फुटले. सावली गेल्यामुळे उघड्यावर वेली नि झुडपं अशी माजली की पाय ठेवायला जागा नाही. लालभडक कवंडळं, पिवळी हरणाची फुलं, पांढरी शेरवडं. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, हे सगळं माटवीचं सामान. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात, ती माटवी. मुंबईत हे सामान मिळता मिळत नाही. सुलक्षणाने पहिल्या वर्षी दोन गोणी आणल्या, त्या हातोहात गेल्या. दुसऱ्या वर्षी तर मुलुंड नि मालाडहून लोक यायला लागले.

त्यांतच एक दिवस चंद्रप्रकाशची सून गार्गी आली. घरचा गणपती त्यांनी सोयीसाठी मुलुंडला आणला होता. मागच्या वर्षी माटवीला प्लॅस्टिकची कवंडळं लटकवली, तेव्हा भावकीतले सगळ्यांत वयस्कर माणिककाका सगळ्यांदेखत म्हणाले होते, "देव काय मॉलातसून आणलास?" ते चंद्रप्रकाशना चांगलंच झोंबलं होतं.

"काकी, बाबांना सांगू नका हं तुमच्याकडून घेतलं ते," गार्गी म्हणाली. पोरगी साधी होती, तिला आतलं काही ठाऊक नव्हतं.

"घरच्या गणपतीला विकत कसं देऊ गं? मी स्वतः घेऊन येते," सुलक्षणा म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली.

कारण त्यांच्या घराण्यात एक रीत होती. माटवीचं सामान ज्याच्या जमिनीतलं, पहिलं गाऱ्हाणं त्याचं. एकाने देवाला मोठ्याने सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सुलक्षणाने तयारी केली ती थेट बालवर्गात. "बा देवा म्हाराजा, पोरांका खाऊ दी!" व्हय म्हाराजा! "पोरांका झोपाळो दी!" व्हय म्हाराजा! "पोरांका उद्या शाळेत दिवसभर कोंडून ठेव!" व्हय म्हाराजा! पोरं आनंदाने ओरडली. तिला हवं ते कळलं. लय एकदा लागली की कान बंद होतात आणि तोंड चालू राहतं.

चतुर्थीला मुलुंडचा हॉल माणसांनी भरला होता. चंद्रप्रकाश सोवळं नेसून पुढे. आपला थाट गावाला दिसावा म्हणून त्यांनी गार्गीला मोबाईल धरून उभं केलं होतं. पलीकडे गावच्या घरात जमलेली भावकी बघत होती. सुलक्षणाला दारात पाहून चंद्रप्रकाशचं तोंड कडू झालं, पण तिने आणलेलं सामान बांधून झाल्यावर माटवीकडे बघून माणिककाका खूश झाले. "खयचा गो सामान?"

"राईतला."

"मग गाऱ्हाणा तूच घाल."

चंद्रप्रकाशना नाही म्हणता येईना. गाव बघत होतं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात पोरांबाळांक सुखी ठेवलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या ह्या चंद्रप्रकाशाक टावरात घर दिलंस, दारात गाडी दिलंस!"

"व्हय म्हाराजा!" यजमानांचा आवाज सगळ्यांच्या वर. छाती फुगली होती.

"सोन्यासारखी सून दिलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"भावकीत मान दिलंस, शब्दाक वजन दिलंस!"

"व्हय म्हाराजा!"

सुलक्षणाने श्वास घेतला नाही, लय मोडू दिली नाही. "त्याच चंद्रप्रकाशान माझी राई ठेकेदाराक दिल्यान, सासऱ्याचो फणस तोडून इकल्यान, आणि नाव माझा लावल्यान, ता तुका ठाऊक आसा रे म्हाराजा!"

हॉलमधले आवाज अर्ध्यावरच अडकले. एकच आवाज खणखणीत, मिटल्या डोळ्यांनी, शेवटपर्यंत गेला.

"व्हय म्हाराजा!"

चंद्रप्रकाशनी डोळे उघडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. मोबाईलमधून गावाकडचं कुणीतरी म्हणालं, "अरे बापरे!" गार्गीने फोन खाली घेतला नाही.

"सवयीनं गेलं तोंडातून... असं काय धरायचं असतं?" ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. चेहरा पांढराफटक.

"मग आता देवासमोर नाय म्हण," माणिककाका म्हणाले. "म्हण बघू. मी तोडूक नाय, म्हण."

समोर मूर्ती. चंद्रप्रकाश लबाड खरे, पण देवभोळे. देवासमोर खोटं बोलायचं धाडस काही होईना. त्यांची बायकोच मटकन खाली बसली आणि रडायला लागली. बारशाला कुजबुजणाऱ्या बायका आता जमिनीकडे बघत होत्या. सुलक्षणाने एकेकीकडे नीट बघून घेतलं. तिला कुणाचीच दया आली नाही, आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही.

जेवायच्या आधीच ती निघाली. माणिककाका दारापर्यंत आले. "सणाचो दिस आसा गो. झाला ता झाला, आता सोड."

"फणस परत उभा राहिला की सोडते, काका."

चपला घालता घालता तिने आत बघितलं. चंद्रप्रकाश माटवीखाली तसेच उभे होते.

"भावोजी, यंदा वेली झकास आल्यात," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीपण सामान मीच आणणार. आणि गाऱ्हाणंही मीच घालणार."