कोळसापत्रकाच्या पाठीवर

रेल्वेच्या कोळशावर मी नोकरीची अकरा वर्षं काढली, पण कोळशाला हात म्हणून लावला नाही. माझं काम कोळशाच्या कागदांचं. नगर स्टेशनाच्या कडेला यार्ड, यार्डाच्या टोकाला पत्र्याची एक खोली आणि त्या खोलीत मी, एक टेबल, दोन कपाटं. मनमाडकडून कोळशाच्या वाघिणी यायच्या. मालगाडीच्या डब्याला आम्ही वाघीण म्हणायचो. त्यातला काही कोळसा इंजिनांसाठी यार्डात उतरायचा, काही लष्कराच्या छावणीत जायचा. किती वाघिणी आल्या, किती रिकाम्या झाल्या, किती तटल्या, हे रोज एका पत्रकात भरायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने जंक्शनच्या ऑफिसात पाठवायचं. त्याचं नाव कोळसापत्रक. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी दौतीतली शाई आटून जायची. खिडकी उघडली तर काजळी, लावली तर घुसमट. घरी गेलो की बायको धोतराकडे बघून म्हणायची, "कारकुनी करता की भट्टी लावता?" 

कपाटांत जुनी दप्तरं होती. लाइन पडली तेव्हापासूनचे नकाशे, कोळशाचे जाबसाल, साहेबांच्या सह्यांची पत्रं आणि कोळसा उतरवणाऱ्या मजुरांचे हजेरीपट. हे सगळं सांभाळणं माझ्याच गळ्यात होतं. त्याला रेकॉर्ड म्हणायचे. कुणी कधी बघायला येत नसे, पण वाळवी लागली तर मेमो मात्र मला यायचा.

लढाई सुरू झाली आणि कागद मिळेना. कोरं पत्रक छापून यायचं बंद झालं. वरून हुकूम आला की जुने, निरुपयोगी कागद काढा आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहा. निरुपयोगी कुठले ते ज्याचं त्याने ठरवायचं. म्हणजे मी ठरवायचं! नकाशाला हात लावायची छाती नव्हती. साहेबांची पत्रं फाडली तर नोकरी जायची. राहिले हजेरीपट. आणि खरं सांगतो, कागद काय सुरेख होता तो! जाड, विलायती, एका बाजूला मजुराचं नाव, बापाचं नाव, गाव, ओळखीची खूण आणि अंगठा, दुसरी बाजू लख्ख कोरी. मी शिवण उसवून एकेक पान सुटं केलं, पाठीवर पट्टीने रेघा मारल्या आणि कोळसापत्रकं लिहून रोज पाठवत गेलो. चार वर्षं. साहेबांनी बाकीच्या कारकुनांपुढे माझं कौतुक केलं. मलाही वाटलं, आपण मोठे हुशार.

लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माणसं कमी करायचा हुकूम आला. लढाईत भरलेले मजूर काढायचे, लढाईच्या आधीपासूनचे ठेवायचे. जो स्वतःला जुना म्हणवतो त्याने महिन्याच्या आत अर्ज करावा, सोबत पुरावा जोडावा. ही नोटीस मी माझ्या दाराबाहेरच्या फळीवर लावली. इंग्रजीत होती. कोळसा उतरवणाऱ्यांत एकालाही मराठी अक्षर येत नव्हतं, मग इंग्रजीचं काय घेऊन बसलात? पण नोटीस लावणं हे माझं काम होतं, वाचून दाखवणं नव्हतं. मी चार खिळे ठोकले आणि आत येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी एक मजूर फळीपुढे उभा राहिलेला दिसला. पाथर्डीकडचा. दुष्काळात गाव सोडून आलेला, यार्डामागच्या झोपड्यांत बायकोसह राहणारा. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. तेव्हा तसंच चालायचं.

"बाबूसायेब, ह्यो कागद कशाचा लावलाय?"

मी वैतागलेलोच होतो. म्हटलं, "तुम्हाला काढायचा. तू लढाईच्या आधीचा की नंतरचा?"

"आदीचा की! लढाईच्या आदी तीन वर्सं मी हितं घमेली वाहतोय. मुकादम आसता तर त्यानंच सांगितलं आसतं."

मुकादम दोन वर्षांपूर्वी पटकीने गेला होता.

"मग हजेरीपटात तुझा अंगठा असेल," मी बोलून गेलो. आणि बोलल्यावर नजर कपाटाकडे गेली.

त्याचा चेहरा उजळला. "मंग काय, झालं की काम! तुमी तेवढं पान काढा. न्हाईतर गावी जाऊन भावाच्या दारात उबं ऱ्हावं लागंल. दीड एकर मुरमाड, त्यात त्याचीच चार तोंडं. तो न्हाई म्हननार न्हाई, पन त्याची बायकू ताटावरून उठवील आमाला."

मी त्याचा अर्ज लिहून घेतला, अंगठा घेतला आणि म्हटलं, शोधतो. काय शोधणार होतो, कपाळ! ज्या कपाटात ते पट होते तिथे आता नुसती पुठ्ठ्याची कव्हरं होती. पण हे त्याला सांगायला जीभ उचलेना. रोज दुपारी पाळी सुटली की तो माझ्या दाराशी उकिडवा बसायचा. बसायचा फक्त. तासाभराने विचारायचा, "घावलं का?" मी म्हणायचो, "अरे, ढीगभर कागद आहेत, काय जादू आहे का?" एकदा तर मी त्याच्यावर खेकसलो, की माझ्या डोक्याला ताप देऊ नकोस. तो गप उठून गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मला त्याचा राग यायचा. चूक माझी, आणि राग त्याचा. असा मी होतो, आता लपवून काय करू?

आठवडा गेल्यावर मला राहवेना. कागद जळले नव्हते, विकले नव्हते. ते जंक्शनच्या ऑफिसात होते, माझ्याच कोळसापत्रकांच्या पाठीवर. रविवारी पास काढला आणि गाडीत बसलो. बायको म्हणाली, "आठवड्याचे सहा दिवस तो कोळसा, आता सातवाही त्याच्याच घशात घाला." तिचं काही चुकलं नव्हतं.

तिथला रेकॉर्डकीपर म्हातारा, चिडका, चष्म्याला दोरा बांधलेला. माझी गोष्ट ऐकून म्हणाला, "म्हणजे तुम्हाला पुढची बाजू नको, मागची हवी? तीस वर्षांत असं मागायला कोणी आलं नाही." त्याने लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे दाखवले आणि हात झटकले. तारखा कोळसापत्रकांच्या होत्या. मागे कुठल्या वर्षाचा पट आहे त्याला काही ताळतंत्र नव्हतं, कारण मी हाताला येईल ते पान घेत गेलो होतो. तेव्हा एकेक पान उलटायचं, एवढाच मार्ग.

पहिला रविवार त्यात गेला. पान उलटायच्या आधी पुढची बाजू दिसायचीच, आणि ती माझ्या अक्षरात. आज वाघिणी नाहीत. आज वाघिणी नाहीत. कोळशात निम्मा दगड, ड्रायव्हरची तक्रार. लष्कराची गाडी आधी सोडली, पॅसेंजर चार तास उभी. इंजिनात बाभळीची लाकडं घातली. कोळसा नाही, लाकडंही नाहीत. लढाई म्हटली की लोकांना बंदुका आठवतात. माझी लढाई ही अशी होती, पट्टीने मारलेल्या रेघांमध्ये. आमच्या लाइनीचा इतिहास कोणी लिहायचा म्हटला तर तो त्याच गठ्ठ्यांत होता. आणि एवढा कंटाळवाणा इतिहास मी दुसरा वाचला नाही. संध्याकाळी डोळे चुरचुरत होते, मान अवघडली होती. हाती काहीच नाही.

दुसऱ्या रविवारीही नाही. मुदत जवळ येत होती. दारातला माणूस आता "घावलं का" असंही विचारेनासा झाला. नुसता माझ्या तोंडाकडे बघायचा. त्याच्या बायकोने झोपडीतली भांडी एका पोत्यात भरून ठेवली आहेत, असं यार्डातलं कोणी सांगत होतं.

तिसऱ्या रविवारी दुपारी ते पान मिळालं. पुढे वाघिणींचे आकडे, खाली माझी सही. मागे लढाईच्या आधीचा हजेरीपट. वरून नववी ओळ त्याची: नाव, बापाचं नाव, गाव, डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग, आणि अंगठा. मी त्या ओळीवर बोट ठेवून ओरडलोच, "सापडला!" म्हातारा दचकला. पान बाहेर द्यायला तयार होईना. शेवटी माझ्याकडून पावती लिहून घेतली आणि वर म्हणाला, "स्वतःच फाडायचं आणि स्वतःच हुडकायचं. बरा धंदा आहे तुमचा!" मुदतीला तेव्हा चार दिवस बाकी होते.

सोमवारी ते पान मी साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. "रजिस्टर फाडलं कोणी?"

"मी, साहेब."

त्यांनी पान पुन्हा फिरवून माझी सही बघितली. मग म्हणाले, "सगळ्यांनीच फाडलं." आणि अर्ज ठेवून घेतला. एवढंच! तीन आठवडे मी ज्याला घाबरून झोपलो नव्हतो ते दोन शब्दांत उरकलं.

मंजुरी यायला मुदतीवर आठवडा गेला. पान आणि मंजुरी दोन्ही माझ्याकडे परत आली. त्या दुपारी मी त्याला हाक मारून आत बोलावलं, खुर्चीही दाखवली. तो जमिनीवरच बसला. "तू राहिलास," मी म्हटलं. त्याने हात जोडले, डोळ्यांना पाणी आलं त्याच्या, आणि माझ्याही. मला फार बरं वाटलं. लढाईनंतर पहिल्यांदा माझ्या कागदांनी कोणाचं तरी भलं केलं होतं.

मग त्याने ते पान बघायला मागितलं. आपल्या अंगठ्याकडे कौतुकाने बघितलं आणि बोट वर नेत विचारलं, "ह्यो वरचा कोनाचा?"

मी नाव वाचलं.

"आन् ह्यो?"

तेही वाचलं. असं करत मी बावीस नावं वाचली. तो प्रत्येक नावापुढे सांगत गेला. ह्यो मेला. ह्यो यार्डातच हाय, त्याचा साडू मुकादम हाय आता. ह्यो गेला गावी, तीन आठवडं झालं. ह्यो बी गेला. ह्यो आन् ह्यो भाऊ, दोघं बी पोरंबाळं घिऊन गेली. मुदत संपायची वाट न बघता अर्ज न केलेल्यांना काढायला सुरुवात झाली होती, आणि काढलेल्यांच्या यादीची नक्कल मीच केली होती. तिच्यात ही नावं होती, हे मला तेव्हा आठवलं. नऊजण. सगळे लढाईच्या आधीचे.

"त्यांचं बी हितं लिवलंय, मंग त्यांना का काढलं?"

"त्यांनी अर्ज केला नाही."

"अर्ज करायचा आसतो ह्ये त्यांना कुनी सांगितलं?"

मी दाराबाहेरच्या फळीकडे बघितलं.

"ह्यो कागद तुमाला कवा घावला?"

"मागच्या मागच्या रविवारी."

"तवा मुदत हुती?"

"चार दिवस होते."

तो बोटांवर काहीतरी मोजत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "दीड दिसात मी पाथर्डीला चालत जातो, बाबूसायेब. तवाच बोलला आसतात तर धा मान्सं बोलवून आनली आसती."

ते पान मी हातात धरलं होतं, गाडीत मांडीवर ठेवून आणलं होतं, चारदा उघडून बघितलं होतं. नववी ओळच फक्त बघितली होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. आत्ताच कायम झालेला माणूस, न सांगता गैरहजर, म्हणजे साहेबांना निमित्तच. मी चार दिवस त्याच्या नावापुढे हजेरी मांडली. पाचव्या दिवशी सकाळी मी खोलीवर आलो तर दाराबाहेर माणसं बसलेली. सातजण. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तो त्यांच्यात होता, पण पुढे आला नाही. सगळ्यांच्या मागे, फळीला टेकून उभा राहिला.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, की मुदत म्हणजे मुदत. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा त्यांनी माझ्या टेबलावर किती काम तुंबलंय ते विचारलं.

बाहेर येऊन मी सांगितलं. मला मराठीत सांगायला काही अडचण आली नाही. कोणी आरडाओरडा केला नाही. दोघे लगेच उठले, दिवस उतरायच्या आत पाथर्डीच्या वाटेवरच्या चांदबिबीच्या महालापलीकडे पोचू म्हणाले. एक म्हातारा मात्र बसून राहिला. म्हणाला, "त्यो कागद तेवढा दावा."

मी आणून दिला. त्याने विचारलं, आपला अंगठा कुठला. मी दाखवला. त्याने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग स्वतःचा अंगठा वर करून दोन्हीकडे आळीपाळीने बघितलं.

"व्हय, माजाच हाय," म्हणाला आणि कागद माझ्या हातात परत दिला.