नारळ ठेवल्यावर

माझी धाकटी बहीण गेल्या पौषात डोंगर उतरताना पडून गेली. तिच्या भ्रमंती मंडळाने व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘निसर्गाच्या कुशीत कायमची विसावली.’ मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, पुस्तकांतच वावरलो, त्यामुळे शब्दांवर चिडायची मला सवय आहे. पण असा राग कधी आला नव्हता. ती सापडली ओहोळाच्या कोरड्या दगडांत. तिथे कूस नव्हती.

रत्नागिरीत आम्ही पावसाला घाबरतो. थंडीला कोणी घाबरत नाही. इथली थंडी आंब्याला मोहोर यावा एवढीच, लोक तिची वाट बघतात. त्यामुळे मंडळ पावसाळ्यात बेत रद्द करतं आणि थंडीत निर्धास्त निघतं. वाळलेलं गवत पायाखाली तेलासारखं सरकतं, त्याच्याखाली सुटा मुरूम असतो आणि उन्हं बघता बघता ढळतात, हे बहीण मला दर हिवाळ्यात सांगायची. ती शाळेत भूगोल शिकवायची. पक्षी बघायला म्हणून फिरू लागली, मग डोंगरांचंच वेड लागलं. एरवी हेदवीकडचे, आंजर्ल्याकडचे कातळाचे उघडे सडे, आणि थंडीत संगमेश्वराकडून वर, घाटाच्या कड्यापर्यंत. मी कधी गेलो नाही. ती परत आली की चहा टाकायचो. ती पायरीवर बसून मोज्यांत रुतलेली कुसळं एकेक उपटायची आणि बोलत राहायची. अंगणाच्या त्या कोपऱ्यात अजून कुसळं सापडतात.

त्या दिवशी काय झालं ते मला तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने सांगितलं. तीही मंडळाबरोबर गेली होती. नाश्त्यात वेळ गेला, पायथ्याच्या गावी पोचायलाच उशीर झाला. तिथल्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ही मंडळाची जुनी रीत. गावातला मानकरी देवाला एकेक मागणं सांगतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला ‘होय महाराजा’ म्हणतात. सगळ्यांना माथ्यापर्यंत ने, असं देवाला सांगून झालं आणि मंडळी चढू लागली. दुपार कलली तरी माथा दूरच होता. बहीण म्हणाली, “काका, आता फिरूया. उतरताना अंधार होईल.”

मंडळाचे अध्यक्ष मोठे बागायतदार. सगळे त्यांना काका म्हणतात. ते म्हणाले, “ताई, नारळ ठेवलाय. माथ्याला हात लावल्याशिवाय फिरायचं नाही. भूगोलाच्या बाईंना डोंगराची भीती वाटायला लागली काय?”

सगळे हसले. “मीही हसले, सर,” ती शिक्षिका म्हणाली.

उतरताना एकीच्या पायात गोळे आले. तिला धरून बहीण सर्वांत मागे राहिली. पुढचे पुढे गेले. संधिप्रकाशात त्या गवतावर तिचा पाय सरकला.

तेराव्यानंतर अध्यक्ष घरी आले होते. म्हणाले, “देवाच्या मर्जीपुढे कोण जाणार?” मी म्हटलं, “देवाने तिला वर जायला सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत.” ते उठून गेले. चहा तसाच राहिला. मी तो मोरीत ओतला.

यंदा कार्तिक संपता संपता ते पुन्हा आले. तिच्या शाळेतल्या मुलींना त्याच वाटेने न्यायचं ठरलं होतं, तिच्या स्मरणार्थ. नारळ माझ्या हातून ठेवायचा होता.

“ती वाट बदला,” मी म्हटलं. “नाहीतर दुपारी परत फिरायचं, असं तरी ठरवा.”

“सर, तुम्ही कधी डोंगर चढलात?”

“नाही.”

“मग झालं तर.”

मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पालकांची संमती आहे, बाईंच्या आठवणीचा चांगला उपक्रम आहे, तुम्ही तरी मोडता घालू नका. माझ्या दुःखाचा त्या सांभाळून उल्लेख करत होत्या, जसं एखाद्याच्या आजाराचं बोलावं. मी नारळ ठेवायला येतो म्हणून कळवलं.

त्या सकाळी देवळाच्या आवारात गवत दवाने भिजलेलं होतं. मुली नव्या बुटांत, टोप्या घालून रांगेत उभ्या होत्या. बहिणीचा हार घातलेला फोटो अध्यक्षांनी आणला होता. मी मानकऱ्याजवळ गेलो आणि एक मागणं जास्तीचं घालाल का, विचारलं. काय ते सांगितलं.

“सांगाल ता सांगतो,” तो म्हणाला. “देवाला काय.”

मी नारळ ठेवला. गाऱ्हाणं सुरू झालं. या लेकरांना वाट दाखव. होय महाराजा. काटाकुटा, किडामुंगी लांब ठेव. होय महाराजा. आणि ऊन डोक्यावर आलं की जिथं असतील तिथून त्यांना माघारी फिरव.

“होय महाराजा,” सगळे म्हणाले. अध्यक्षही म्हणाले, हात जोडून, डोळे मिटून. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. देवासमोर होय म्हटलेलं मोडायची त्यांची छाती नाही, हे मला ठाऊक होतं. त्याच श्रद्धेने माझ्या बहिणीला वर नेलं होतं.

दिवसभर मी देवळातच बसलो. पुस्तक नेलं होतं, एक पान वाचलं नाही. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं. डोंगराकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघताही येत नव्हतं. मग मुलींचे आवाज आले. त्या चांगल्या लख्ख उन्हात खाली उतरल्या. काही जणी फुरंगटलेल्या होत्या. “वर गेलोच नाही,” एक दुसरीला म्हणाली आणि पायरीवर बसून मोज्यांतली कुसळं काढू लागली.

अध्यक्ष सर्वांत शेवटी आले. घाम पुसत माझ्यासमोर उभे राहिले.

“माथा समोर दिसत होता, सर,” ते म्हणाले. “पोरींचा विरस केलात.”

“गेल्या वर्षीही दिसत असेल,” मी म्हटलं.

मी त्यांचे आभार मानले नाहीत. फोटोवरचा हार काढून देवळाच्या पायरीवर ठेवला, फोटो काखेत घेतला आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागलो. त्यांची गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली झाली. मी चालत राहिलो.