ओली चादर

"पूर्ण नाव काय वं तुयं?"

पेशंट आजोबांची सून माझ्या नर्सच्या गणवेशावरची पाटी वाचत होती. पाटीवर फक्त पहिलं नाव. आजोबांची एक बाजू अर्धांगवायूने गेलेली, मी त्यांना कुशीवर वळवत होते.

"गाव?"

"तेल्हारा."

"तेल्हाऱ्यात कोणत्या बाजूले?"

हा प्रश्न मी शाळेपासून ओळखते. कोणी गोड बोलत जवळ आलं की माझे कान आधी टवकारतात. मी आडनाव सांगून टाकलं. तिने आजोबांच्या खांद्यावरचा माझा हात पाहिला आणि पदर सावरून दोन पावलं मागे सरकली. ते मागे सरकणंच मला खटकलं.

अकोल्यातलं खाजगी हॉस्पिटल. आजोबा अंजनगावकडचे, मोठे बागायतदार. दुसऱ्या दिवसापासून त्यांची चादर ओली सापडू लागली. कमरेखालीच. वास लघवीसारखाच, म्हणून मला लघवीच्या नळीचा संशय आला. नळी बदलली. चादर रोज बदलली. तरी ओलीच. पडून असलेल्या माणसाची कातडी ओलाव्यात भिजत राहिली की सोलते, हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला ठाऊक. आधी लाली आली. मग कातडी सुटली.

मुलगा सगळ्यांसमोर ओरडला, "हे असे कोट्यातले लोक ठेवता कावून? माया बापाले जखम केली हिनं! माफी माग!"

डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले, "सिस्टर, सॉरी म्हणा. विषय मिटवा."

शब्द ओठावर आलाही होता. आम्हाला सवय असते त्याची. तेवढ्यात सून पायाने काहीतरी पलंगाखाली सारताना दिसली. मी वाकले. बाटली होती. झाकण उघडलं, भपकन वास आला. गोमूत्र.

"मी आजोबाले कुशीवर फिरवून गेली का तुमी हे अंथरुणावर शिंपडता. हो ना?"

सून पुटपुटली, "सासूबाईनं सांगतलं. इटाळ नको म्हणे."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. म्हाताऱ्याची कातडी सोलली तरी चालेल, माझा स्पर्श धुतला गेला पाहिजे! मुलगा बाटलीकडे बघेना. डॉक्टर घड्याळात बघू लागले. म्हणाले, "ठीक आहे, उद्यापासून दुसरी सिस्टर देतो."

म्हणजे मलाच बाजूला करायचं.

"नाही," मी म्हटलं. "माफी मागनार नाही. आन् हा बेडही सोडनार नाही."

ओली चादर ओढून काढली. जखम पुसली, कोरडी केली. आजोबांना दुसऱ्या कुशीवर घेतलं. ते कण्हत म्हणाले, "माय वं..." त्या शब्दावरही माझा विश्वास बसला नाही. दुखत असताना माणूस कोणालाही माय म्हणतो. सून घरी गेली की बाटली पुन्हा भरून आणेल.

मी नवी पाटी करून घेतली आहे. तिच्यावर आडनाव आहे, ठळक अक्षरांत. ज्याला विचारायचं असेल त्याने लांबूनच वाचावं. पण या वॉर्डात कूस बदलायची असेल, तर हात माझाच लागेल.